जुलमी राजाचा हुद्दा

नाटक हा सगळ्या शिक्षणाचा पाया आहे, असं मल्लिनाथ मास्तरांचं ठाम मत होतं आणि ह्या मतापायी त्यांच्या आजवर बऱ्याच बदल्या झाल्या होत्या. भूगोल शिकवताना ते पोरांना नद्या करून वर्गभर वाहायला लावत. बेरीज शिकवताना एका पोराला हातचा करून शेजारच्या रांगेत पाठवत. एका गावी असा पाठवलेला हातचा दारातून थेट घरी जेवायला गेला, बेरीज चुकली, आणि नेमके तेव्हाच तपासणीला आलेल्या साहेबांनी मास्तरांचं बिऱ्हाड पुढच्या गावी हलवलं. मास्तरांनी दोष हातच्याला दिला, मताला दिला नाही. पण चाळिशी उलटल्यावर असलं मत सांभाळणं अंगाला झेपेनासं होतं. गुडघे धरतात, बायको बोलते, आणि सारखी बैलगाडीत चढवून-उतरवून पितळी घागरीला पोचे येतात.

ह्या खेपेला ते नांदूरघाटाच्या पलीकडच्या एका गावात होते. गावाचं नाव इथं देत नाही. तिथल्या माणसांना कुठलीही गोष्ट आपल्यावरच बेतली आहे असं वाटण्याची खोड आहे, आणि ही गोष्ट तर खरोखरच त्यांच्यावर बेतलेली आहे. वर निजाम सरकार, मध्ये जागीरदार, खाली पाटील आणि त्याच्याही खाली शाळा, अशी तिथली रचना होती. शाळेत मास्तर दोनच. एक आपले मल्लिनाथ मास्तर आणि दुसरे हेडमास्तर अर्जुनराव. अर्जुनराव गणिताचे, दाढीवाले होते आणि त्यांच्या हातात सदा कडुलिंबाची ओली, पाल्यासकट फोक असे. पाला कशाला ठेवता, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, मारताना थंड लागतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मोहतमीमसाहेब दौऱ्यावर येतेत. बहमन महिन्यात."

सरकारचा बहमन म्हणजे घरचा मार्गशीर्ष. मोहतमीम म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे तपासनीस. ते आले की शाळा सारवून घेतात, पोरांची नखं कापतात आणि मास्तर लोक पोटदुखीचं औषध घेतात.

"तुमच्या त्या नाटकाच्या तासाचा आता एकदाच काय तो निकाल लावून घेऊ," अर्जुनराव म्हणाले. "साहेबाला पसंत पडलं तर तास मुस्तकिल, तुमी बी मुस्तकिल. न्हाई पडलं तर त्या तासाला म्या पावकी-निमकी घेतो, आन तुमी जावा कडा गावाला. तिकडं जागा रिकामी हाय म्हणतेत."

मुस्तकिल म्हणजे कायम. मास्तर इतकी वर्षं हंगामीच होते. घरी येऊन त्यांनी बायकोला, जगदेवीला, हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "कडा किती लांब हाय?"

"बरंच."

"मंग नाटक नीट बसवा बरं. ह्या बारीला घागर फुटंल."

नाटक मास्तरांनी स्वतःच लिहिलं होतं. त्याचं नाव 'म्हातारीची शेळी'. एक जुलमी राजा असतो. एका गरीब म्हातारीची शेळी त्याच्या बागेतलं पान खाते म्हणून तो ती शेळी ओढून नेतो. म्हातारी दरबारात जाऊन त्याला असे काही प्रश्न विचारते की भर दरबारात राजा कान धरतो आणि शेळी परत देतो. ह्यात कुणाला राग येण्यासारखं काय आहे, हे मास्तरांना तेव्हा दिसलं नाही. राजाचं काम गहिनीनाथ नावाच्या चौथीतल्या पोराला दिलं, कारण त्याचा आवाज नदीपलीकडे जात असे. म्हातारी झाला पंडित. तो मुळातच रडवेला होता.

आता त्या दिवसांत राज्यात चार माणसं एका जागी जमवायची तर परवानगी लागायची. ती तालुक्याला, अमीनसाहेबांकडून घ्यायची. अमीन म्हणजे पोलिसांचा अंमलदार. कागद उर्दूत पाहिजेत. मास्तरांनी बसून सगळ्या नाटकाचं उर्दू केलं. शेळीला उर्दूत सोज्वळ शब्द सापडेना, त्यात सुट्टीचा एक दिवस गेला. मग गाडी करून ते मोमिनाबादेला, म्हणजे घरच्या बोलण्यातल्या आंबेजोगाईला, जाऊन कचेरीच्या व्हरांड्यात बसले. दुपारी आत बोलावणं आलं. अमीनसाहेब अदबीचे गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बसायला स्टूल दिलं, विडा पुढे केला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"मास्टर, इस में बादशाह है?"

"आहे, साहेब. गोष्टीतला."

"रियासत में बादशाह कितने हैं?"

"एकच, साहेब."

"फिर ये दुसरा कहाँ से आया? आणि वरून जालिम?" अमीनसाहेबांनी दार लोटून घेतलं. "मी काही वाचलं नाही. तुम्ही काही आणलं नाही. राजा काढा. दुसरा कोणी पण घाला. मग मी मोहर मारतो."

मास्तर परत आले. वाटेत गाडीत बसल्या बसल्या त्यांनी राजाला राज्यावरून उतरवलं आणि जागीरदार केलं. शेळी तीच, बाग तीच, फक्त मुकुटाच्या जागी फेटा. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथानं नवे शब्द पाठ केले. तालमीला सुरुवात होते न होते तोच शाळेसमोर घोडं येऊन थांबलं आणि त्यावरून जागीरदारांचे कारभारी मोहनराव उतरले.

"मास्तर, सरकार विचारतेत, आमी कुणाची शेळी नेली?"

"अहो, सरकारांचा काय संबंध? हा गोष्टीतला जागीरदार आहे. दुसऱ्या गावचा."

"दुसऱ्या गावचे जागीरदार म्हंजे सरकारांचे मेव्हणे," मोहनराव म्हणाले. "आन त्येंनी नेली व्हती."

शाळेची जागा जागीरदारांची, कुंपणाच्या बाभळी जागीरदारांच्या, एवढंच काय, पोरं पाणी प्यायची तो आडही जागीरदारांचा. त्या दिवशी जागीरदाराचा पाटील झाला.

पाटलाचं दोन-तीन दिवस बरं चाललं. गावचे पाटील बबनराव स्वभावानं दिलदार होते, ते स्वतः तालीम बघायला आले आणि पोरांना गूळ-शेंगा वाटल्या. पहिला प्रवेश त्यांनी कौतुकानं पाहिला. दुसऱ्या प्रवेशात शेळी ओढून नेली तसे ते उठून उभे राहिले.

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं, पाटील?"

"ती शेळी म्या कायद्यानं कोंडवाड्यात घातलती. सोडवायला कुणी आलंच न्हाई तर म्या काय करणार? तिला चारा का तुमी घालणार व्हते? आन मंग ती आमच्याकडंच ऱ्हायली, तर ती का नेली म्हणायची?"

मास्तरांनी शपथेवर सांगितलं की आपल्याला यातलं काहीही ठाऊक नाही. पण बबनरावांनी आणलेल्या शेंगा उरल्या होत्या तेवढ्या परत गोळा केल्या. गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं, कारण पाटलांचा आवाजही नदीपलीकडे जात असे.

मग पाटलाचा दुकानदार केला. म्हातारीची शेळी त्याच्या दुकानातला गूळ खाते, म्हणून तो ती बांधून ठेवतो. गावात किराणा-कापडाचं दुकान एकच होतं, सोमलिंगअप्पांचं. ते मास्तरांच्याच समाजातले, लिंगायत, शिवाय लांबून कुठून तरी जगदेवीच्या माहेरचे. पडद्याला मांजरपाट त्यांनीच दिला होता. ते नोकराला घेऊन आले, भर तालमीत पडदा सोडवला आणि घडी घालायला लागले.

"अप्पा, असं काय करताय?"

"आपल्यातले असून तुमी माझ्या तागडीवर संशय घेता?"

"नाटकात तागडी नाहीच. शेळी आहे."

"शेळीचं ऱ्हाऊ द्या. दुकानदार म्हणलं की लोक तागडीकडंच बघतेत."

आता हे खरं होतं. पडदा परत मिळावा म्हणून मास्तरांनी त्यांच्यासमोर दुकानदार खोडला आणि गावाच्या पारावर जाऊन बसले. थकलेल्या माणसानं पारावर बसू नये. तिथं सल्ला फार मिळतो. एकानं सांगितलं, वाघ करा, वाघाला राग येत नसतो. दुसरा म्हणाला, वाघ केला तर शेळी खाईल, मग परत काय देणार? तिसऱ्यानं विचारलं की मुळात शेळी पाहिजेच कावून, त्याऐवजी महाभारतातला एखादा प्रसंग का करत नाही, त्यात सगळे आपलेच भाऊ एकमेकांना मारतात आणि गावातल्या कुणाचं नाव येत नाही. शेवटी सर्वानुमते ठरलं की जुलमी माणूस चोर असावा. चोराबद्दल पाटलांची हरकत नव्हती, दुकानदारांची नव्हती, कारभाऱ्यांनीही वरून होकार आणला. एका गोष्टीवर सगळं गाव एकमतानं बसल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मास्तर त्याच आनंदात नवे कागद घेऊन परत तालुक्याला गेले.

अमीनसाहेबांनी कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"माझ्या हद्दीत चोर?"

"साहेब, नाटकातला..."

"मास्टर, मी दर महिन्याला वर लिहून पाठवतो, हद्दीत अमन आहे, चोरी नाही. आणि तुम्ही मोहतमीमसाहेबांच्या समोर चोर उभा करणार? ते हैदराबादला जाऊन काय बोलतील?" मग मास्तरांचा चेहरा बघून त्यांना कणव आली. "तुम्ही थकलेले दिसता. काही दुसरं घाला. घरगुती."

घरगुती म्हटल्यावर जगदेवीनं तोडगा काढला. "सासू करा," ती म्हणाली. "सुनंच्या माहेरची शेळी सासूनं बळकावली. त्यात सरकारचं काय जातंय?" सरकारचं काही जात नव्हतं. पण बातमी आडावर पोचायला वेळ लागला नाही. पाटलांच्या आई वच्छलाबाई, ज्यांना पाच सुना होत्या, त्या काठी टेकत आल्या आणि मास्तरांशी एक अक्षर न बोलता जगदेवीला म्हणाल्या, "तुजी सासू मेली म्हणून तुला लई सुचतंय व्हय गं?" त्या दिवसापासून आडावर जगदेवीचा नंबर येईना. ती कळशी घेऊन उभी राही आणि बायका गप्पा मारत पोहरा सोडत राहत. चौथ्या दिवशी तिनं कोरडी कळशी मास्तरांच्या पुढ्यात आपटली.

"सासू काढा. आदी पाणी, मंग नाटक."

इकडे पोरांचे हाल वेगळेच. गहिनीनाथानं राजा, जागीरदार, पाटील, दुकानदार, चोर आणि सासू अशी सगळी सोंगं घोकून पाठ केली होती. तो रोज सकाळी येऊन विचारायचा, "मास्तर, आज म्या कोन हाय?" आणि मास्तरांना पटकन सांगता येत नसे. मार्गशीर्ष लागला होता. हुरड्याला आलेली ज्वारी वाऱ्यावर डुलत होती.

ओसरीवर बसून मास्तरांनी विचार केला. ज्याच्याबद्दल काहीही बोललं तरी कुणी घोड्यावरून येणार नाही, पडदा सोडणार नाही, आडावर अडवणार नाही, असा ह्या सबंध गावात कोण आहे? उत्तर सापडायला उशीर लागला नाही. मास्तर. म्हातारीची शेळी शाळेच्या कुंपणातला पाला खाते, म्हणून एक जुलमी मास्तर ती ओढून नेतो.

आणि खरोखर कुणाचीच हरकत आली नाही. अमीनसाहेबांनी न वाचताच मोहर मारली. मोहनराव म्हणाले, हे बराबर. सोमलिंगअप्पांनी पडदा तर दिलाच, वर दोरीही दिली. पारावरची मंडळी म्हणाली, हे आदीच सुचायला पायजे व्हतं. मास्तर दोन दिवस उगीच ओट्यावर बसून राहिले. वाटलं, कुणीतरी येईल, म्हणेल, अहो मास्तर लोकांना असं कसं दाखवता, ते ज्ञान देतात. कुणी आलं नाही. तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटलं. ते खोटं कशाला सांगा, बरंच वाईट वाटलं.

पण त्यात एक समाधान होतं. मास्तरांनी जन्मात पोरावर हात उगारला नव्हता. तेव्हा जुलमी मास्तर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे कोण येणार हे उघड होतं. त्यांनी हळूच त्या भूमिकेला अंबाडीच्या वाखाची दाढी आणि हातात लिंबाची पाल्यासकट फोक दिली. अर्जुनराव तालीम बघायला आले, फोक पाहिली, आणि हसून म्हणाले, "छान हाय. पर तुमी फोक कावून घेतली? तुमी तर मारत न्हाई." ह्या माणसाला हे सोंग आपलं वाटतच नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं.

तो दिवस उजाडला. शाळेच्या आवारात लिंबाखाली चौथरा, चौथऱ्यावर मांजरपाटाचा पडदा, समोर खुर्चीवर मोहतमीमसाहेब. पांढरी दाढी, काळी शेरवानी, बोलणं हळू. त्यांच्या बाजूला अमीनसाहेब, कारभारी, पाटील. मागे सगळं गाव, आडावरच्या बायकांसकट. शेळी गावातल्याच एका म्हातारीची, छबुबाईची, आणली होती. मास्तरांचा आग्रह, की खोट्या शेळीपुढे खरं रडू येत नाही.

पडद्यामागे पोरं तोंडाला पावडर लावत होती. मास्तर साहेबांपुढे चार शब्द बोलून परत येईपर्यंत तिथं व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेळी सकाळपासून बांधलेली, उपाशी. तिनं आधी लिंबाच्या फोकेचा पाला खाल्ला, मग फोक खाल्ली, आणि मग अंबाडीची दाढी खायला घेतली. मास्तर पोचले तेव्हा दाढीचं शेवटचं टोक तिच्या तोंडातून लोंबत होतं. तिकडे पडदा ओढायची खूण झालेली. मास्तरांनी घाईनं आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून गहिनीनाथाच्या खांद्यावर टाकलं, आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला पुढे ढकललं.

गहिनीनाथ चौथऱ्यावर गेला. दाढी नाही, फोक नाही. त्यानं तोंड उघडलं आणि तो राजाचं वाक्य बोलला. मग थांबला. मग जागीरदाराचं अर्धं वाक्य बोलला. मग सासूचं. मास्तर पडद्याआडून सांगायला गेले, तर त्यांनाही आता नेमकं कोणतं चाललंय ते आठवेना. समोर कुजबूज झाली. अर्जुनराव खाकरले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कड्याची वाट त्यांना स्पष्ट दिसली.

तेवढ्यात एक सुस्कारा ऐकू आला. लांब, थकलेला, सगळ्या जगाला कंटाळलेला. मास्तरांना वाटलं आपणच सोडला. पण समोर लोक खळखळून हसले, म्हणून त्यांनी डोळे उघडले.

गहिनीनाथ एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्यानं गुडघा दाबत, "शिव शिव" म्हणत हळूहळू खाली बसत होता. बसून झाल्यावर त्यानं उपरण्यानं कपाळ पुसलं. मग त्यानं म्हातारीकडे बघितलं.

"आजी, तुमची शेळी नेली, हे मला पटलं. तुम्हाला पटलेलं नाही. रडा."

पंडित रडला.

"हे रडणं झालं का? हे घशातलं झालं. पोटातून. परत."

पंडित पुन्हा रडला. गहिनीनाथानं पुन्हा सुस्कारा सोडला, टोपी काढली, टोपीत पाहिलं, टोपी घातली. "असो. आजी, ह्या शेळीकडे बघा. ती तुमच्यापेक्षा मनापासून ओरडते. परत."

"मास्तर, भूक लागली," पंडित म्हणाला. हे नाटकात नव्हतं. हे त्यानं दसऱ्यापासून रोज म्हटलं होतं.

"भूक लागली ना? चेहऱ्यावर दिसू द्या. परत."

गाव हसत सुटलं. बबनराव मांडीवर थापा मारत होते, वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला, अमीनसाहेब खुर्चीवरून घसरत होते. मोहतमीमसाहेब रुमालानं डोळे पुसत होते. पडद्यामागे उभ्या मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणीनं आत घ्यावं असं त्यांना झालं. सबंध राज्यात आपल्याइतका मऊ मास्तर नाही, अशा समजुतीवर ते आजवर जगत आले होते, आणि पोरांना विचाराल तर जुलूम म्हणजे ते. फोकेचा वळ संध्याकाळपर्यंत जातो, पण तालमीतलं मास्तरांचं 'परत' काही संपत नाही, हे तो पोरगा चौथऱ्यावरून सगळ्या गावाला दाखवत होता. आणि तरीही मास्तरांच्या मनात आलं, आणि ह्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली, की पोरगा थांबतो मात्र काय सुंदर. टोपीत पाहिल्यावर तो जो क्षणभर थांबला, तसं थांबणं ते सगळ्या शाळांतून शिकवत आले होते आणि आजवर एकालाही साधलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते कशानं भरले हे त्यांनी तपासलं नाही.

शेवटी म्हातारी उठली. "तुमचं रडणं तुमी रडा," पंडित म्हणाला, "माजी शेळी मला द्या," आणि शेळीची दोरी सोडून तो तिला घेऊन खरंच घरी जेवायला निघून गेला. नाटक संपलं.

मोहतमीमसाहेब बोलायला उभे राहिले. ते हळू, जुन्या वळणाच्या उर्दूत बोलले, आणि त्याचा अर्थ असा होता: असलं सोंग पाठांतरातून येत नाही. ह्या पोरानं एक खरा माणूस पाहिला आहे. ज्या उस्तादानं त्याला असं पाहायला शिकवलं, त्याला तालुक्यातली सगळी पोरं सोपवली पाहिजेत. आणि ज्या मुदर्रिसाला, म्हणजे मास्तराला, पाहून हे सोंग उचललं, त्याच्या हाती एकही पोर राहता कामा नये. "दोघे कोण आहेत? पुढे या."

आवारात कुणी हललं नाही. सगळं गाव मास्तरांकडे बघत होतं. अर्जुनरावांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, उपरणं सारखं केलं आणि ते एक पाऊल पुढे झाले.

"साहेब, तसं बघितलं तर ह्या शाळेतली समदी शिकवण माझ्याच..."

आता गप्प राहिलं तर इज्जत राहत होती, कुणी साहेबांना जाऊन सांगणार नव्हतं. पण नाटकाचा तास अर्जुनरावांच्या पावकी-निमकीत जात होता. बोललं तर पोरं जात होती. गप्प राहिलं तरी ती गेलेलीच होती. मास्तर पडद्याआडून बाहेर आले. डोक्यावर टोपी नाही, खांद्यावर उपरणं नाही. त्यांना बोलायच्या आधी सुस्कारा सोडायची फार इच्छा झाली, ती त्यांनी कष्टानं आवरली.

"साहेब, दोन्ही मीच."

"दोनों?"

"होय, साहेब."

साहेबांनी गहिनीनाथाकडे पाहिलं. गहिनीनाथानं मान हलवली आणि घाईघाईनं टोपी काढून मागे लपवली.

हुकूम पौषात आला. सरकार कुठलाही पेच सोडवतं, फक्त आपल्या पद्धतीनं. मल्लिनाथ मास्तरांना मुस्तकिल करण्यात आलं होतं. नाटकातून शिक्षण देण्याचं काम त्यांच्याकडे सबंध तालुक्यासाठी सोपवलं होतं. मुक्काम मोमिनाबाद. आणि साहेबांनी म्हटल्याप्रमाणे त्यांच्या हाती एकही पोर राहणार नव्हतं. त्यांनी तालुक्यातल्या मास्तर लोकांना नाटक शिकवायचं होतं. मग ते मास्तर आपापल्या गावी जाऊन पोरांना शिकवतील. इथल्या शाळेतला नाटकाचा तास कायम झाला होता आणि तो अर्जुनराव घेणार होते.

गाव अभिनंदनाला लोटलं. जगदेवीला आडावर पहिला नंबर मिळाला, तो आता तिच्या काही कामाचा नव्हता. मोहनराव सांगून गेले की ही बढती सरकारांच्या शब्दानं झाली. बबनराव पाटील मात्र सगळे गेल्यावर ओसरीवर मनातलं बोलले.

"मास्तर, त्ये पाटलाचं काम काढायला नको व्हतं. साहेब केवढं हसले. माजं सोंग असतं तर आज हैदराबादेत माजं नाव निघालं असतं."

"तुम्हीच म्हणालात, पाटील."

"म्या म्हणलं म्हणून काय झालं? तुमी ऐकायचं कावून?"

निघायच्या दिवशी सकाळी गाडीत भांडी चढली. घागर जगदेवीनं मांडीवर घेतली. मास्तर पुढच्या महिन्यापासून समोर बसणारे मिशीवाले, फेटेवाले, हाताची घडी घातलेले मास्तर डोळ्यांपुढे आणून पाहत होते आणि त्यांना काही केल्या उत्साह वाटत नव्हता. नदी होऊन वाहा म्हटलं तर ह्यांच्यातला कोण वाहणार होता? आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ज्यांच्यासाठी मागितलं ती पोरं मागे राहत होती. त्यांना फार थकल्यासारखं वाटलं.

गाडीच्या चाकाजवळ गहिनीनाथ उभा होता. मास्तरांची नजर चुकवत तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"आता नाटकाला अर्जुनराव आहेत," मास्तर म्हणाले. "नीट शीक."

"त्येंची नक्कल लई सोपी हाय, मास्तर," गहिनीनाथ म्हणाला. "येका दिसात बसली. तुमची अवघड व्हती. लई बघावं लागलं. घरी जाताना मागं मागं येऊन बघायचो म्या, ओसरीवर बसले की कुडाच्या फटीतून बघायचो. तरी त्ये टोपीत बघायचं बसतच न्हवतं. त्यात काय असतंय, मास्तर?"

मास्तरांनी टोपी काढली आणि आत पाहिलं. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आईनं, बापानं, ह्या गाडीत बसलेल्या बायकोनंसुद्धा आजवर त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आणि ह्या पोरानं पाहिलं होतं.

"काही नसतं रे," ते टोपी घालत म्हणाले. गाडीवानानं बैल हाकले.